बिनभात्याची पेटी

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, हे नाव माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, पण ज्या गावात माझी उमेदीची वर्षं गेली तिथं ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. तिथं सगळ्यांना ठाऊक होती ती बाजाची पेटी. मागं भाता, पुढं पट्ट्या. डाव्या हातानं हवा मारायची आणि उजव्या हातानं वाजवायचं. मला पट्ट्या होत्या, पण भाता नव्हता आणि विजेशिवाय माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. आमच्याकडं विजेला लाईन म्हणतात. म्हणून धामणगाव बढ्याच्या लोकांनी माझं बारसं केलं, 'लाईनीची पेटी'. खोक्यात होतो तोवर कीबोर्ड होतो, गावात शिरलो आणि पेटी झालो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. मला एकोणपन्नास पट्ट्या बसवल्या, आठ-दहा बटणं बसवली, एका बटणात आपोआप वाजणारी एक गत भरून ठेवली. शेवटी पांढरी टोपी घातलेल्या एका बाईनं माझी एकेक पट्टी दाबून, कान देऊन ऐकली आणि मला पास केलं. पुढं कितीतरी दिवस माझ्या सगळ्या पट्ट्यांना बोट लावणारी ती एकटीच ठरणार होती, हे मला तेव्हा कुठलं माहीत? मी मोठ्या ऐटीत थर्माकोलच्या खोबणीत बसलो आणि जहाजातून मस्कतच्या एका दुकानात जाऊन पोचलो.

तिथं मला कडूबानं विकत घेतलं. साल होतं ब्याऐंशी. कडूबा हा धामणगावच्या वामनरावांचा धाकटा मुलगा, मस्कतला वेल्डिंगचं काम करायचा. दोन वर्षांनी सुट्टीवर घरी निघाला तेव्हा त्यानं आईसाठी जपानी साडी घेतली, बापासाठी घड्याळ घेतलं आणि वहिनीसाठी मला घेतलं.

ही वहिनी म्हणजे जनकाबाई, थोरल्या रंगरावाची बायको. ती लोणारची. तिचे वडील दयाराम लोणारच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, आणि लेकीला त्यांनी पाटीवरच्या अक्षरांआधी पट्ट्या शिकवल्या होत्या. लग्नाच्या वेळी कडूबानं तिचं वाजवणं ऐकलं होतं. सासरी आल्यापासून मात्र अकरा वर्षांत तिनं पेटीला हात लावला नव्हता. कुणी मनाई केली होती असं नाही. त्या घरात पेटीच नव्हती, आणि सुनेनं वाजवावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"वहिनी, हे तुमच्यासाठी," खोकं उघडून कडूबा म्हणाला. "याले हवा माराले नाही लागत."

जनकाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि माझ्यासमोर बसली. उजवा हात पट्ट्यांवर आला. डावा हात आपोआप माझ्या पाठीमागं गेला आणि भाता शोधू लागला. तिथं नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. हात दोन-तीनदा हवेतच उघडमीट करून परत आला. सगळे हसले, तीही हसली. मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं की मी या बाईचा.

पण ठरवणारा मी कोण? वामनराव हा भला माणूस, कुणाला टाकून बोलायचा नाही. मात्र त्यांनी बोललेला शब्द म्हणजे घरात रेघ. ते माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणाले की वस्तू लाखात एक आहे, बैठकीतच शोभेल. आणि घरच्या सुनेनं बाजा वाजवायला घेतला तर अख्खी गल्ली दारात येऊन बसेल. झालं. बैठकीच्या भिंतीत काचेचं कपाट होतं. त्यातले पितळी तांबे एका बाजूला सरकवले, मला मधोमध ठेवलं आणि कुलूप घातलं. किल्ली वामनरावांच्या करदोड्याला गेली.

जाताना कडूबानं माझ्या पोटात सहा मोठे सेल भरले, लाईन गेली तरी वाजावं म्हणून. माझी पिन इथल्या बोर्डात बसेना, तेव्हा त्यानं वायर सोलून, काडेपेटीच्या काड्या खुपसून ती घट्ट केली. तुम्ही मात्र असलं काही करू नका. बापाला त्यानं एक आपोआप वाजायचं बटण दाखवलं, मला एकदा थोपटलं आणि तो मस्कतला परत गेला. सेल पोटात आहेत हे त्याच्याबरोबरच सगळे विसरले.

आता वामनरावांची गंमत ऐका. मोताळ्याहून एक पाहुणे आले होते. त्यांना दाखवायला म्हणून वामनरावांनी मला बाहेर काढलं आणि ते बटण दाबलं. माझी गत सुरू झाली. पाहुण्यांना पट्ट्या दाखवाव्यात म्हणून त्यांनी बोटं पुढं नेली, आणि पाहुणे डोळे विस्फारून म्हणाले, "वा वामनराव, हे कवा शिकले?" त्याच क्षणी 'मी नाही, पेटीच वाजते' म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांनी नुसती मिशी चाचपली. खोटं काही ते बोलले नाहीत, समोर आलेलं फक्त नाकारलं नाही.

त्यानंतर ते रोजचंच झालं. पाहुणा आला की मला बाहेर काढायचं, हळूच बटण दाबायचं आणि बोटं पट्ट्यांच्या केसभर वर नाचवायची. गावभर बोभाटा झाला की वामनराव म्हातारपणी पेटी शिकले, तीही जपानची. भजनी मंडळानं सप्ताहात वाजवायला बोलावलं, तेव्हा परदेशी बाजा देवापुढं चालत नाही म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण मूठ झाकायची तर हात कायमचा आवळून ठेवावा लागतो. मला कुणाला द्यायचं नाही, कुणाच्या हाताखाली वाजू द्यायचं नाही, कारण खरं वाजणं लोकांनी ऐकलं की यांची बोटं उघडी पडणार. मी काचेत अडकलो होतो आणि ते माझ्यात.

मला आठवड्यातून एकदाच मोकळा श्वास मिळे. बाजाराच्या दिवशी वामनराव मला पुसायला म्हणून बाहेर काढून ठेवत आणि बाजार करून येईपर्यंत मी जनकाबाईच्या ताब्यात असे. सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, तेव्हा अंगणात शेंगा फोडत बसलेल्या असत. खोक्यात कानाला लावायचं एक यंत्र होतं. ते लावलं की माझा आवाज फक्त लावणाऱ्याच्या कानात जाई. जनकाबाईनं ते पदराखालून कानावर चढवलं आणि मांडीवर फडकं ठेवून शिकायला सुरुवात केली. माझ्याबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी आणि जपानी, तिला दोन्ही सारखंच. एकेक बटण दाबून, ऐकून, विसरून, पुन्हा दाबून ती शिकली. डावा हात मात्र ऐकेना. महिनाभर तो माझ्या मागं जाऊन भाता शोधत राहिला. शेवटी तिनं त्याच्या हाती फडकं दिलं, तेव्हा कुठं तो गप्प बसला. त्या दोन तासांसाठी मी बाकीचे सहा दिवस काढत होतो.

मग उन्हाळ्यात लोणारहून निरोप आला. दयारामांच्या अंगावरून वारं गेलं होतं.

जनकाबाई आठ दिवस माहेरी राहून आली. आल्यावर रुखमाबाईंना सगळं सांगत होती, ते मी काचेतून ऐकलं. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं, पाय जरा ओढतो. पण डावा हात गेला. पेटी कोपऱ्यात आहे, वर कपडा टाकला आहे. ज्या हातानं हवा मारायची तोच लुळा, मग वाजवणार कसं? उजवा हात धडधाकट आहे, तो दिवसभर मांडीवर नुसता पडून असतो. दयाराम लेकीला म्हणाले होते, "या हाताले आता काई कामच नाही राह्यलं."

हे सांगता सांगता ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मित्रांनो, त्या नजरेत काय होतं ते मला लगेच कळलं. मला हवा लागत नाही. डावा हात लागत नाही. अख्ख्या जिल्ह्यात त्या माणसाला वाजवता येईल अशी एक पेटी होती, ती मीच, आणि मी कुलपात होतो.

सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहून काही मागायची त्या घरात रीत नव्हती. तिनं रुखमाबाईंकडून विचारलं. वामनराव म्हणाले की शोभेची वस्तू अशी गावोगाव फिरवायची नसते, शिवाय एस्टीत आदळून मोडली तर कडूबाला काय सांगायचं? रुखमाबाईंनी पोळ्याला पुन्हा विचारलं, दिवाळीला पुन्हा. दरवेळी नवं कारण. घोडं कुठं पेंड खात होतं ते त्या घरात फक्त वामनरावांना आणि मला माहीत होतं, असं मी समजत होतो. मला तर ओरडून सांगावंसं वाटे, पण मला ओरडायलाही कुणाचं बोट लागतं.

याच दिवसांत माझ्या पोटात काहीतरी होऊ लागलं. पावसाळ्याच्या दमट हवेत ते विसरलेले सेल पाझरायला लागले. आधी स्प्रिंगला हिरवट बुरशीसारखं आलं, मग ते पाणी हळूहळू आत उतरलं, तारांपर्यंत गेलं. बाहेरून मी चकचकीत होतो. बाजाराच्या दिवशी जनकाबाई फडकं फिरवी, पण आता ती वाजवत नसे. कानाला ते यंत्र लावून नुसती बसे आणि बापाचं नाव घेऊन डोळे पुसे. मीही आतून सडत होतो, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. बैठकीत चार-पाच पाहुणे होते. वामनरावांनी मला बाहेर काढलं, वायर लावली, बटण दाबलं आणि बोटं नाचवायला सुरुवात केली. पाहुणे माना डोलावत होते. तेवढ्यात दारात पुंजाजी आले. पुंजाजी म्हणजे गावाच्या भजनी मंडळाचे म्होरके, वयानं आणि मानानं सगळ्यांहून मोठे. त्यांना बघताच वामनराव अर्धवट उठले, साठ वर्षांच्या सवयीनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "राम राम."

मी वाजतच होतो.

पुंजाजींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या जोडलेल्या हातांकडं. "राम राम," ते म्हणाले. "तुमचे दोन्ही हात त इकडं हायेत वामनराव. मंग वाजवून कोन राह्यलं?"

कुणी हसलं नाही, हेच वाईट. वामनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. हात खाली घ्यावेत की तसेच ठेवावेत तेही त्यांना सुचेना. आणि मी मेला निर्लज्ज, गत संपल्याशिवाय थांबता येत नव्हतं म्हणून ठेक्यात वाजतच राहिलो.

तेव्हा आतल्या दाराशी जनकाबाई आली. चहाचा ट्रे तिच्या हातात होता. बारा-तेरा वर्षांत परक्या पुरुषांसमोर तिचा आवाज त्या बैठकीत कुणी ऐकला नव्हता.

"सकाळी मामाजीनंच वाजवलं होतं ते," ती खाली बघत म्हणाली. "ही पेटी ध्यानात ठेवते, अन् मंग वाजवून दाखवते."

पुंजाजींनी मान हलवली. जपानच्या लोकांचं काही सांगता येत नाही, म्हणाले. पाहुण्यांनी चहा घेतला, हरभऱ्याच्या पिकावर बोलणं वळलं आणि वेळ निभावली. पण वामनरावांनी चहाला हात लावला नाही. ते त्या आतल्या दाराकडं बघत होते. ज्या सुनेला त्यांनी तीन वेळा नाही म्हटलं होतं, तिला सगळं माहीत होतं, आणि मूठ उघडायची वेळ आली तेव्हा तिनंच ती झाकली होती.

दिवेलागणीला त्यांनी तिला बैठकीत बोलावलं. रुखमाबाईही मागं येऊन उभ्या राहिल्या. वामनरावांनी करदोड्याची गाठ सोडली. ती बरीच जुनी झाली होती, लवकर सुटेना. किल्ली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "व्याह्याचा उजवा हात चालते ना?"

"चालते."

"किती दिवस पाह्यजे पेटी?"

"हात चालन तवर," जनकाबाई म्हणाली.

त्यांनी किल्ली तिच्यासमोर ठेवली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले की नेणार मात्र मी स्वतः, तुम्ही बायका गाडीत आदळाल. स्वभावाला औषध नाही.

लोणारला पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागल्या. बुलढाण्याहून पुढं वामनरावांनी मला मांडीवर आडवं धरलं होतं. शेजारची जनकाबाई खिडकीबाहेर बघत होती. मला दोन वर्षांत पहिल्यांदा बैठकीबाहेरचं जग दिसत होतं, आणि खरं सांगतो, मला भीतीच वाटत होती. पोटात जे झालं होतं ते मला कळत होतं. ज्याच्यासाठी निघालो त्याच्या हातात पडल्यावर मी मुका निघालो तर?

दयाराम ओसरीत बाजेवर बसले होते. बारीक, उंच माणूस, डावा हात मांडीवर ठेवलेला. जनकाबाईनं मला त्यांच्यासमोर पाटावर ठेवलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि मागं हात लावून विचारलं, भाता कुठं आहे? भाता नाही, बाबा, ती म्हणाली. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडं एकदा बघितलं.

नशीब बघा, लाईन गेलेली होती. वामनराव म्हणाले, काळजी नको, कडूबानं सेल टाकलेत. त्यांनी सुरू करायचं बटण दाबलं. काही नाही. मला उलटं करून झाकण काढलं, तर आत हिरवा-पांढरा थर आणि तपकिरी ओघळ. सेल हाताला चिकटून आले. वामनराव ते हातात धरून तसेच बसले. जनकाबाईनं जुन्या फडक्यानं पुसून काढलं तेवढं काढलं, वायर बोर्डात खुपसून ठेवली आणि सगळे लाईनीची वाट बघू लागले.

दयारामांनी मात्र वाट बघितली नाही. त्यांचा उजवा हात माझ्यावर आला आणि वाजवू लागला. आवाज काहीच नाही, नुसती बोटं. पण मित्रांनो, ती बोटं केसभर वर नाचत नव्हती. प्रत्येक पट्टी पुरती खाली जात होती, जिथं थांबायचं तिथं थांबत होती. अख्खं भजन त्यांनी मुक्या पट्ट्यांवर धरलं. समोर बसून वामनराव ते बघत होते, आणि त्यांची मान खाली खाली जात होती.

तेवढ्यात लाईन आली. माझं बटण सुरूच राहिलं होतं. भजनाच्या मध्यावर, अर्ध्या ओळीत, एकदम आवाज फुटला. जनकाबाईनं तोंडावर पदर धरला. दयाराम दचकले, पण हात थांबला नाही, ओळ पुढं गेली, वर चढली, खाली उतरली, आणि शेवटी 'सा'वर आली.

'सा' वाजला नाही.

त्यांनी पुन्हा दाबला. नाही. सगळा जन्म ते काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, सा धरून वाजवत आले होते, आणि माझी मधली काळी एक नेमकी मेली होती. सेलचं पाणी तिथवर पोचलं होतं. बाजूच्या पट्ट्या बोलत होत्या, तीच एक गप्प. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही पट्टी माह्यानं मेली," वामनराव म्हणाले. "मी पेटी कोंडून ठेवली. आणाले उशीर केला, व्याही."

दयारामांनी शब्द जुळवत उत्तर दिलं. जीभ जड होती. "सा काई एकाच पट्टीत बसून राह्यत नाही," ते म्हणाले. "कुठूनबी धरता येते." आणि त्यांनी अंगठा एक घर डावीकडं सरकवला, पांढरी एकवर. नवख्या पोरांना पहिल्या दिवशी जी पट्टी दाखवतात ती. तिथून त्यांनी तेच भजन पहिल्यापासून पुन्हा धरलं, चुकत, अडखळत, बोटांना नवी घरं शिकवत. गळाही आता तेवढाच उतरला होता, तो बरोबर जुळला. वामनराव टाळ नसताना हातानं ताल धरून बसले होते.

दयारामांनी मला आणखी दोन वर्षं वाजवलं, अगदी रोज. वामनरावांनी मला परत मागितलं नाही. दयाराम गेल्यावर जनकाबाईनं मला धामणगावला आणलं आणि कपाटात नाही, उघड्या फळीवर ठेवलं. तिच्या लेकी माझ्यावर शिकल्या. पुढं घर बुलढाण्याला आलं, नातवंडांसाठी दिव्यांचे, मोठे, नवे कीबोर्ड आले आणि मी प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेलो. नंतर घातलेले सेल तेवढे जनकाबाईनं स्वतःच्या हातानं काढून घेतले.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वस्तू आवडती असेल तर तिला हात लागू द्या. वापरून झिजली तर झिजू द्या, ठेवून सडवू नका. आणि घरात कुणाचा एखादा हात रिकामा पडून असेल, तर त्याच्याजोगं काम तुमच्या कुठल्या कपाटात कोंडलेलं आहे का, ते आजच बघा. उद्यापर्यंत एखादी पट्टी मरते. माझी काळी एक अजून मुकीच आहे. तुम्ही वाजवायला बसलात तर बोट तिच्यावर पडेल आणि काही ऐकू येणार नाही. घाबरू नका, शेजारच्या पट्टीवरून सुरू करा. पण त्याआधी मला माळ्यावरून खाली काढा.